घरचे किती, पाहुणे किती?

कारखान्यात नवं यंत्र उभं राहिलं की बाकीचे त्याचा रंग बघत. अक्का त्याच्याभोवती एक फेरी मारायच्या आणि विचारायच्या, "यात घरचे किती नि पाहुणे किती?" नवखा माणूस गोंधळून जाई. वेल्डिंगने जोडलेले ते घरचे, एकदा चिकटले की सुटायचे नाहीत. बोल्टने लावलेले ते पाहुणे, आज आहेत, उद्या निघतील. हा फरक ज्याला कळत नाही त्याने ड्रॉइंगला हात लावू नये, असं त्यांचं मत होतं, आणि मत पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळमिलची यंत्रं बनवणारा आमचा कारखाना होता. अक्का ड्रॉइंग विभागाच्या प्रमुख. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत होते, तिथेच त्यांनी घर बांधलेलं. अक्का रोज सकाळच्या पॅसेंजरने यायच्या, येताना सगळ्यांना पुरेल इतकी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा आणायच्या. मी फैजपूरचा, खोलीवर राहणारा. त्या भाकरीवर माझा हक्क मी पहिल्याच आठवड्यात सिद्ध केला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेठजींनी कॉम्प्युटर घेतला तो अक्कांच्या तगाद्यामुळे. पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनी रविवारचा क्लास लावला होता, कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून. "पोरं मावशी म्हणतात. म्हणू देत! रेघ माझीच सरळ येते," असं सांगून त्या खुदकन हसत. त्यांची एकच इच्छा होती. दीड-दोन वर्षांत त्या निवृत्त होणार होत्या, त्याआधी हे काम आमच्या हातात बसलेलं त्यांना बघायचं होतं. "मी गेल्यावर तुम्ही याच्यावर कापड टाकून उदबत्ती लावाल, मला ठाऊक आहे," त्या म्हणायच्या. आमची तयारी बघता हा आरोप खोटा नव्हता.

कॉम्प्युटरवर काढलेलं पहिलं यंत्र मात्र त्यांनाच नडलं. कागदावर अक्का दोन ड्रॉइंगं काढत: वेल्डिंगचं वेगळं, नंतर भोकं मापाला आणायच्या मशिनिंगचं वेगळं. पडद्यावर सगळं एकाच चित्रात इतकं देखणं बसलं, की हौसेच्या भरात त्यांनी तेवढं एकच चित्र खाली पाठवलं. मशीनशॉपने यंत्राच्या फ्रेमच्या सुट्या प्लेटांनाच बेअरिंगची भोकं नेमक्या मापाची पाडून टाकली. मग वेल्डिंग झालं, लोखंड तापून ओढलं गेलं, आणि समोरासमोरची भोकं एका रेषेत राहिली नाहीत. आमचा वेल्डर रतनभाऊ, शिरपूरकडचा माणूस, घाम पुसत वर आला. "अक्का, शाफ्ट फिरस नही. बठ्ठं वाकी गयं."

शेठजी खाली गेले, परत आले, आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "अक्का, हा टीव्ही बंद करा. ड्रॉइंग बोर्डावर या."

आम्ही माना खाली घातल्या. बोर्ड आम्हाला सोयीचाच होता. अक्का उठून उभ्या राहिल्या. "शेठजी, चूक त्याची नाही, माझी आहे. लग्नाआधीच पोरीला सासरच्या मापाच्या बांगड्या भरल्या मी. एक फ्रेम मला पुन्हा करू द्या. नाही जमली तर मी स्वतः याच्यावर कापड टाकते."

शेठजींनी तेवढी एक फ्रेम दिली. अक्कांनी तिच्या तीन फाइली पाडल्या. पहिलीत सुट्या प्लेटा, भोकं मुद्दाम लहान ठेवलेली. दुसरीत वेल्डिंग, तिथून पुढे सगळ्या प्लेटांचा मिळून एकच नंबर, कारण आता ते एक घर. तिसरीत मशिनिंग, ते अख्खी फ्रेम बोरिंग मशीनवर चढवून. "आधी लगीन लागू दे भो, मग माप घे," हे त्या आठवडाभर जाता-येता म्हणत राहिल्या. फ्रेम तयार झाली, रतनभाऊने शाफ्ट बसवला आणि शेठजींना पुढे बोलावलं. शेठजींनी एका बोटाने ढकललं. शाफ्ट फिरला, आणि बराच वेळ फिरत राहिला. त्या दुपारी शेठजींनी साऱ्या कारखान्याला जिलबी वाटली.

पुढे अक्कांनी आम्हा सगळ्यांना पिदडून शिकवलं. त्यांच्या निवृत्तीला काय द्यायचं यावर साडीपासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत चर्चा झाली, आणि शेवटी आम्ही लोखंडी बंगई, म्हणजे बसायचा झोपाळा, बनवायचं ठरवलं, उभ्या चौकटीसकट. ड्रॉइंग मी काढलं, कॉम्प्युटरवर, कोणाला न विचारता, तीन फाइली पाडून. टेम्पोतून ती भुसावळला अक्कांच्या अंगणात उतरवली. अक्कांनी भोवती फेरी मारली, एका बोटाने झोका दिला. मग नेहमीचा प्रश्न आला, "घरचे किती नि पाहुणे किती?"

रतनभाऊ म्हणाला, "बठ्ठा घरनाच शेतस, अक्का." सगळे घरचेच, पाहुणा एकही नाही.

अक्कांनी पदर डोळ्याला लावला. मीही दुसरीकडे बघितलं. मग त्यांची नजर दरवाजाकडे गेली. "अरे, पण ही माझ्या दारातून आत जाणार कशी?"

दाराचं माप कोणीच घेतलं नव्हतं. चार बोल्ट ठेवले असते तर सुटी होऊन आत गेली असती. प्रेमाच्या भरात आम्ही सगळंच वेल्ड करून बसलो होतो. अक्का इतक्या हसल्या की शेजारणी बाहेर आल्या.

बंगई अंगणातच राहिली. मी जात असे तेव्हा अक्का तिच्यावर बसलेल्या असायच्या, शेजारची दोन-चार माणसंही. एकदा त्यांचा मुलगा म्हणाला, गॅस कटरवाला आणतो, कापून आत घेऊ, पावसात गंजेल. अक्कांनी त्याला हाताने थांबवलं.

"घरच्यांना दार लहान पडलं," त्या म्हणाल्या, "तर आपण बाहेर येऊन बसावं."

अक्का गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला मुलगा बंगईला रंग देतो. ती अजून अंगणातच आहे.