विजोड

काचबिंदूचे निदान एका प्रतिमेवर क्वचितच ठरते. ते दोन प्रतिमांमधल्या फरकावर ठरते. डोळ्यामागच्या नसेचा थर मागच्या वर्षी किती जाड होता आणि आज किती उरला आहे, यावर पुढचे औषध अवलंबून असते. नगरच्या एका नेत्ररुग्णालयात मी प्रतिमा विभागाची आणि तिथल्या संगणकांची जबाबदारी घेतली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी मला हे सांगितले होते. मी ते वहीत लिहून घेतले. लिहून घेतले म्हणजे समजले, असे तेव्हा वाटत असे.

भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी नुकतीच हाती आली होती आणि काहीतरी ठळक करून दाखवायचे होते. संधी समोरच होती. जुन्या सर्व्हरमधली फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क थकली होती. मागच्या वर्षीची प्रतिमा मागितली की ती पडद्यावर येईपर्यंत डॉक्टरसाहेब खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत. बाहेर राहाता, नेवासा, पाथर्डीकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसे डोळ्यांत थेंब घालून बाकांवर बसलेली असत. मी दोन एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेले वेगवान ड्राइव्ह, ‘रेड’ नावाच्या पद्धतीने एकत्र जोडण्याचा प्रस्ताव ठेवला.

जोडण्याच्या दोन रीती होत्या. माहितीचे तुकडे दोन ड्राइव्हवर वाटून लिहिले तर वेग जवळपास दुप्पट होतो, पण दोहोंपैकी एक बंद पडला की सगळेच जाते. दोन्हींवर तीच माहिती लिहिली तर लिहिण्याचा वेग वाढत नाही, मात्र एक गेला तरी दुसरा उरतो. मला मनातून पहिली रीत हवी होती. माझ्यासोबत काम करणारे तंत्रज्ञ काका, वीस वर्षे तिथेच नोकरी करणारे नेवाशाकडचे शेतकरी, यांनी एकच प्रश्न विचारला की फोटो लवकर दिसला पाहिजे की दिसलाच पाहिजे. मी दुसरी रीत निवडली आणि त्या निवडीबद्दल स्वतःवर खूशही झाले.

मग ड्राइव्ह कोणते घ्यायचे यावर काकांचे ठाम मत होते.

“बैलजोडी घेताना आमच्याकडं दात बघत्यात, ताई. एका वयाचे, एका उंचीचे. थोरला-धाकटा जुंपला की औत वाकडं चालतं.”

पुस्तकेही तेच सुचवत होती: जोडीत मंद असलेला ड्राइव्ह दोघांचा वेग ठरवतो. काकांनी दुकानात उभे राहून एकाच खोक्यातले, लागोपाठच्या क्रमांकांचे दोन ड्राइव्ह निवडले. खंडेनवमीला सर्व्हरला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला आणि दोन्ही एकाच वेळी सुरू केले. प्रतिमा क्षणात उघडू लागल्या. डॉक्टरसाहेबांचे छताकडे बघणे थांबले.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. दर शनिवारी काका सगळ्या प्रतिमांची प्रत एका सुट्या हार्ड डिस्कवर घेत आणि डब्याच्या पिशवीतून गावी नेत. मी त्यांना समजावले की आता प्रत्येक प्रतिमा दोन ठिकाणी लिहिली जाते, त्यामुळे या खटाटोपाची गरज उरलेली नाही. ती हार्ड डिस्क कपाटात गेली.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी, पहिला ड्राइव्ह बंद पडला. मी शांत होते. जोडी याचसाठी तर होती. बदली ड्राइव्हसाठी दुकानात फोन लावत असतानाच दुसराही गेला. त्या खेपेच्या ड्राइव्हमधल्या अंतर्गत प्रोग्रॅममध्येच दोष होता, हे नंतर कळले: ठरावीक तास चालल्यावर तो ड्राइव्ह कायमचा मिटत असे. दोघांचे तास एकाच सकाळी भरले, कारण दोघांना आम्ही एकाच मुहूर्तावर जुंपले होते. पुण्याला दुरुस्तीसाठी पाठवले, ते तसेच परत आले.

काकांनी दोन्ही ड्राइव्ह तळहातावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

“जोडी लईच जुळली, ताई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले.

खंडेनवमीपूर्वीचे सगळे कपाटातल्या हार्ड डिस्कवर सुखरूप होते. त्यानंतरच्या चौदा महिन्यांतले काही उरले नव्हते. डॉक्टरसाहेबांना मी सांगितले की शनिवारची प्रत मी बंद करवली होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ज्यांची पहिली तपासणी याच काळात झाली आहे त्यांची यादी मागितली. प्रत्येकाला फोन करून, आम्ही दिलेला छापील अहवाल जपला आहे का, हे विचारण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. बहुतेकांनी तो टाकून दिला होता. का टाकू नये? अहवाल संगणकात राहील, असे आम्हीच सांगत होतो.

यादीत एका नावाखाली डॉक्टरसाहेबांनी दोनदा रेघ ओढली होती. पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई, चाळिशीतली. मे महिन्यात पहिल्यांदा आली, तेव्हाच उजव्या डोळ्याची नस संशयास्पद वाटली होती. पुढचा हंगाम उरकून ये, मग तुलना करू, असे तिला सांगितले होते. जुनी प्रतिमा नसेल तर नव्या प्रतिमेवरून नस झिजते आहे की मुळातच बारीक आहे, हे कळणार नव्हते. पुन्हा एक वर्ष थांबावे लागले असते, आणि तेवढे वर्ष त्या नसेजवळ असेलच असे नव्हते. तिचा फोन बंद लागत होता. ती कुठल्या कारखान्यावर आहे, हे तिच्या गावातही कोणाला नेमके ठाऊक नव्हते.

दरम्यान मी नवी जोडी लावली: दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह, पहिला महिनाभर चालवून मग दुसरा जोडलेला. काकांनी सर्व्हरवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर ‘विजोड’ असे लिहिले. लग्नाच्या संदर्भात नाक मुरडून वापरला जाणारा तो शब्द मला त्या यंत्रावर वाचताना धीर देई. शनिवारी हार्ड डिस्क पुन्हा डब्याच्या पिशवीतून नेवाशाला जाऊ लागली.

मे महिन्यात ती बाई आली. घडले ते मी तिला काहीही न लपवता सांगितले आणि कागदाबद्दल विचारले. तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांचा अहवाल काढला.

“कारखान्यावर आमच्या पाचटाच्या कोपीत पानी शिरलं हुतं, तवाबी ह्यो वर आढ्यालाच हुता,” ती म्हणाली.

एक घडी नेमकी उजव्या नसेच्या चित्रावरून गेली होती आणि तिथली शाई उडाली होती. पण खालचे जाडीचे आकडे वाचता येत होते. डॉक्टरसाहेबांनी नवी प्रतिमा शेजारी धरली आणि आकडे एकेक करून बोटाने ताडून पाहिले. थर झिजला होता. त्याच दिवशी औषध वाढवले, आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोनदा तरी यायला सांगितले. जेवढी नजर गेली होती ती परत येणार नव्हती. उरलेली राखायची होती.

मी अहवाल स्कॅन केला, तपासला, आणि नव्या अहवालासोबत फायलीत लावू लागले. तिने हात पुढे केला.

“ह्यो माजा मला द्या, ताई. तुमच्या पेटीचा काय भरवसा.”

मी दोन्ही कागद तिला दिले. जुना तिने त्याच घड्यांवर मिटला. नव्या कागदाची घडी मात्र मी घालून दिली, चित्राला चुकवून.