अकरा मृत कलमं

माझा स्वभाव तापट. त्यातून कृषी सहायकाची नोकरी, झरीच्या पाड्याचा चढ आणि वैशाखातलं ऊन. त्या दिवशी मी एका मावशीच्या जमिनीवर आंब्याची कलमं मोजत होते. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून बांधावर झाडं लावायला सरकारी अनुदान होतं. पहिला हप्ता लागवडीला, दुसरा शेकडा ऐंशी झाडं जगली तर. दुसऱ्या हप्त्यातून मावशीला कुंपणाची तार घ्यायची होती. पाड्यावर बकऱ्या उदंड, कुंपणाशिवाय कलमांचा निभाव लागणार नव्हता.

दिली होती चाळीस, भरली एकोणतीस.

"बाकीची मेली?" मी विचारलं.

"मरतील कशाला? वाटे केले."

पाड्यावर तिच्याखेरीज अकरा घरं. पावसात ओहोळाला मासे चढले की जाळं कुणाचंही असो, वाटे सगळ्या घरांचे पडतात. मावशीने कलमांनाही तोच न्याय लावला होता. मी कपाळावर हात मारला. "अगं, ही मासळी आहे का? योजना आहे, योजना!"

"मॅडम, तू रागवू नको. एकटीने खाल्लं तर गोड लागतं काय?"

तिकडे लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणतात. सुरुवातीला ते मला टोचायचं. पुढे कुणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटू लागलं.

तिने मला अकराही अंगणं दाखवली. भांडी घासल्याचं पाणी पिऊन कलमं चांगली तरारली होती. पण सातबारा दुसऱ्याचा, म्हणून ती मोजता येईनात. मी आवाज खाली आणून म्हटलं, "पावसापर्यंत मुदत आहे. परत आणून लाव, मी पुन्हा येते."

"दिलेला वाटा कोणी मागतं काय?" ती हसली. मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

तपासणीच्या कागदावर दोनच रकाने होते, जिवंत आणि मृत. मी मृतच्या रकान्यात अकरा लिहिलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं आणि लिहिताना मला स्वतःची चीड आली. हप्ता मिळाला नाही. पुढे माझी बदली डहाणूला झाली, आणि खरं सांगायचं तर झरीची वाट मी टाळू लागले. कुठल्या तोंडाने जाणार?

यंदा माघात कामासाठी वेवजीला गेले होते. परतताना राहवलं नाही, स्कूटर झरीकडे वळवली. मावशीच्या उताराभोवती कारवीच्या काठ्यांचं घट्ट विणलेलं कुंपण होतं. बकऱ्या बाहेरच घुटमळत होत्या.

"तार कुठून आणणार?" मावशी म्हणाली. "वाटा घेतला त्या घरांनीच घातलं. दर साली नवीन घालतात."

मग हाताला धरून तिने मला शेजारच्या अंगणात नेलं. तिथलं कलम माझ्याहून उंच झालं होतं, मोहराने फांद्या वाकल्या होत्या.

"बघ. तू मेलेलं लिवलंस ना, ते हे. कागद वाचून घेतला मी." आवाजात राग नव्हता, नुसती गंमत होती. "आंबा उतरला की ये. तुझाबी वाटा काढते."

मला रडूच फुटलं. भर अंगणात, सरकारी फाईल छातीशी धरून.

मावशीने पदराने माझे डोळे पुसले. "रडते कशाला, बाय? मेलंय काय कोण?"