विल्डाबाईंची यादी

आमच्या नेब्रास्कातल्या काउंटीत शेरिफच्या कचेरीच्या मागच्या खोलीत विल्डा क्रुमलंड बावीस वर्षं बसल्या. लैंगिक अत्याचाराची शिक्षा भोगून सुटलेला माणूस इथे राहायला आला की तीन दिवसांत त्याने त्यांच्यापुढे उभं राहायचं, पत्ता लिहून द्यायचा. मग दर तीन महिन्यांनी पुन्हा हजर. शेजारच्या घरांना त्याचं नाव-पत्ता लिहिलेली कार्डं धाडायची, तीही त्यांनीच. त्या कुणाचे लाड करत नसत आणि कुणाला टाकूनही बोलत नसत. एकदा एक जण म्हणाला, "बाई, आता मी पार सुधारलोय." त्या म्हणाल्या, "छान. पत्ता तोच ना?"

आता आमची गंमत ऐका. अँब्युलन्सला घरं पटकन सापडावीत म्हणून काउंटीने सगळ्या घरांचे नंबर बदलले. आम्हाला मिळाला ४१२. तो आधी दोन मैलांवरच्या एका घराचा होता, आणि त्या घरातला माणूस विल्डाबाईंच्या यादीत होता. यादीत त्याचा नंबर जुनाच राहिला. कार्डं गेली आमच्या शेजाऱ्यांना. नाव त्याचं, घर आमचं. लोकांना वाटलं, आम्हीच त्याला ठेवून घेतलाय.

आम्हाला पत्ताच नाही. रविवारी चर्चमध्ये एकत्र जेवण असतं, जिने तिने आपलं भांडं घरून न्यायचं. माझ्या आर्लिसचं चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं तीस वर्षं रिकामं घरी आलं. त्या रविवारी भरलेलं आलं.

"अहो, मीठ जास्त झालं का?"

"मी खाल्ले की. झकास होते."

"तुम्ही काय, काहीही खाता."

पुढच्या रविवारीही तेच. शेवटी शेजारचा ड्वेन कुंपणापाशी म्हणाला, "मर्ल, तसल्या माणसाला घरात कशाला घेतलंस? नातवंडं येतात तुझ्याकडे." आणि कार्ड दाखवलं. आधी मला हसू आलं, मग आर्लिसचं उतरलेलं तोंड आठवलं.

तसाच कचेरीत गेलो. विल्डाबाईंनी कार्ड आणि नव्या नंबरांचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला. "चूक माझी आहे," म्हणाल्या.

दारातून शेरिफ म्हणाले, "गुपचूप दुरुस्त करा, विल्डा. नोव्हेंबरात मला पुन्हा निवडून यायचंय."

"निवडणूक तुमची. चूक माझी."

नवी कार्डं त्याच दिवशी योग्य घरांना गेली. मग बाई आपली गाडी घेऊन जुनं कार्ड गेलेल्या अकराही घरी गेल्या. पायरीवर उभं राहून सांगायचं, "मर्ल-आर्लिसकडे असा कुणी नाही. घोळ मी घातला," आणि कार्ड परत मागून घ्यायचं.

ड्वेन म्हणाला, "एवढं कशाला, पत्र टाकायचंत."

"पत्रानेच तर घोळ झाला."

आर्लिस मात्र हट्टाला पेटली होती, आता भांडं नेणार नाही म्हणून. शनिवारी विल्डाबाईंचा फोन. "आर्लिस, उद्या बटाटे आण. मी येतेय." त्यांचं चर्च दुसरं, तरी आल्या. रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या आणि दोन मोठे डाव बटाटे वाढून घेतले. मागे ड्वेन होता. त्यानेही घेतले, जरा जास्तच. मग सगळ्यांचीच रीघ लागली. बाई पुन्हा घ्यायला आल्या तेव्हा तळाची खरवड उरली होती. तीही त्यांनी सोडली नाही.

घरी आल्यावर आर्लिसने भांडं माझ्यापुढे उलटं धरलं. एक कण पडला नाही.