उजव्या हाताने जोडायची गाडी

मेरी तुस्कानो कतारला, दोह्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि तिचा नवरा ऑस्वल्ड होता रिगर. रिगर म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझं बांधून देणारा आणि खाली उभा राहून हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याकडून काम करून घेणारा माणूस. टाक्या, पाइप, अख्खे बॉयलर ऑस्वल्डच्या बोटाच्या इशाऱ्यावर वर चढले आणि अलगद जागेवर बसले. वसईला सुट्टीवर गेला तरी कुणाच्या लग्नाचा मांडव उभा राहताना हा खाली उभा राहून हात हलवायचा. मेरी लाजून म्हणायची, "अरे, बांबू आहे तो! क्रेन नव्हे!"

गेल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही जमायला लागलं. डावा हात मात्र झोपला तो झोपलाच. बोटं जेमतेम हलायची. कंपनीने हारतुरे देऊन निरोप दिला. मेरीची नोकरी चालू होती म्हणून दोघं अबू हमूर भागातल्या त्याच घरात राहिले. ती ड्यूटीवर गेली की ऑस्वल्ड खिडकीपाशी बसायचा. समोर एका इमारतीचं काम निघालं आणि तिथे क्रेन आली, तेव्हा त्याने खुर्ची उचलायला लावून भिंतीकडे वळवून घेतली. मेरीने ती वळवून दिली. रात्री भांडी घासताना तिला रडू आलं.

थंडी सुरू झाली की ही दोघं वर्षानुवर्षं समुद्रावर तंबू ठोकायला जायची. आता तंबूत झोपणं आणि उठबस ऑस्वल्डला जमणारी नव्हती. तेवढ्यात हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांचं कुटुंब मायदेशी परत निघालं आणि त्यांची जुनी मोटरहोम विकायला निघाली. आत पलंग, छोटी शेगडी, संडास. मेरीने ती घेऊन टाकली. मोठी गाडी चालवायचा परवानाही काढला.

अडचण पुढेच होती. समुद्रावर मोटरहोम एकदा लावली, छत्री ताणली, खुर्च्या मांडल्या, की ती जागची हलवायची नसते. पण शुक्रवारी चर्चमध्ये मिसाला यायला हवं, ऑस्वल्डला फिजिओथेरपीला न्यायला हवं, खुबूस रोट्या आणि पाणी आणायला हवं. त्यासाठी लहान गाडी बरोबर पाहिजे. चालवणारी तर घरात एकटी मेरीच. म्हणजे लहान गाडी मोटरहोमच्या मागे बांधून ओढत नेण्याखेरीज इलाज नव्हता.

त्यांची लेक सिमोना टोरांटोहून फोनवर म्हणाली, "मम्मा, जस्ट हायर अ ड्रायव्हर. व्हाय ऑल धिस?"

"ड्रायव्हर आला की ते आपलं दोघांचं फिरणं राहत नाही गं," मेरी म्हणाली.

एका शनिवारी दोघं सनैया या कारखान्यांच्या भागातल्या हाफिजभाईंच्या दुकानात गेले. हाफिजभाई लाहोरचे. गाड्या ओढायचं सगळं सामान त्यांच्याकडे मिळायचं. त्यांनी आधी मोटरहोमचे कागद मागून घेतले, तिला किती वजन ओढता येतं ते बघितलं. अख्खी गाडी वर चढवायचा ट्रेलर त्यांनी लगेच बाद केला. "सिस्टर, तुमच्या मोटरहोमला हा झेपणार नाही." मग पुढची दोन चाकं उचलून धरणारी दोनचाकी डॉली दाखवली. पण तिचे पट्टे दर वेळी जोर लावून आवळायचे, आणि उतरल्यावर ते धूड वाळूत ठेवायचं कुठे?

"गाडी ऑटोमॅटिक आहे का?" हाफिजभाईंनी विचारलं.

"गिअरची आहे," ऑस्वल्ड पहिल्यांदाच बोलला. "मीच शिकवलं हिला त्या गाडीवर."

हाफिजभाई खूश झाले. ऑटोमॅटिक असती तर ओढताना गिअरबॉक्सची वाट लागायची भीती. ही न्यूट्रलला टाकून चारी चाकांवर मागे पळवता येईल, आणि त्यासाठी लागतो टो-बार. दोन प्रकारचे दांडे त्यांनी फरशीवर मांडले. एक साधा, एकसंध त्रिकोणी. तो मजबूत, पण गाडी नेमकी भोकासमोर भोक येईल अशी आणून उभी करावी लागे. दुसऱ्याचे दोन्ही हात दुर्बिणीसारखे लांब-आखूड व्हायचे. गाडी थोडी इकडेतिकडे उभी असली तरी ते ओढून जोडता यायचे आणि मग गाडी चालली की आपोआप ताठ होऊन अडकायचे.

मेरीने डावा हात ड्रेसच्या खिशात घातला. मग खाली बसून एकट्या उजव्या हाताने तिने दुसऱ्या दांड्याची पिन काढली. परत घातली. खटका दाबला, दांडा ओढला, ढकलला. पहिल्या दांड्याशीही तिने तेच करून पाहिलं. तो उचलताना तोल जाऊन ती गुडघ्यावर आली, तरी खिशातला हात तिने बाहेर काढला नाही.

हाफिजभाई बघत राहिले आणि मग समजून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. साखळ्यांच्या फळीपाशी उभ्या ऑस्वल्डनेही ते पाहिलं होतं.

"हा घ्यायचा," तो काठीने पहिल्या, एकसंध दांड्याकडे दाखवत म्हणाला.

"अरे, पण तो..."

"हाच. मला यातलं कळतं, मेरी."

खरेदी न करताच दोघं निघाले. वाटेत मेरीने करक चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला. पोऱ्याने दोन कप आणून दिले.

"राग आला तुला," ती म्हणाली. "मी तुझा हात मोजत होते म्हणून."

"राग नाही आला."

"मग? तुला एकट्याला जोडता यावं, म्हणून बघत होते मी. दुसरं काय?"

ऑस्वल्डने कप डॅशबोर्डवर ठेवला. "तो सरकता दांडा कशासाठी बनवलाय, ठाऊक आहे? एकट्या माणसासाठी. ड्रायव्हरने उतरावं, जोडावं, निघावं. बाकी कुणाची गरज नाही. त्या साध्या दांड्याला पुढे एक माणूस उभा लागतो. डावीकडे, उजवीकडे, थांब, असं सांगणारा." त्याने उजव्या हाताने हवेतच खूण करून दाखवली. "तेवढं तरी मला येतं अजून."

मेरीने त्याचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, आणि तो गार लागला म्हणून दोन्ही तळव्यांत धरला.

"ऐक," ती हळूच म्हणाली. "त्या साध्या दांड्यात बोटं सापडली ना, तर हा हात तुला वेळेवर मागे घेता येणार नाही. असे हात मी वॉर्डात पाहिलेत. मला तुझा हात तसा बघायचा नाही. आणि गरजेचं म्हणशील, तर मागे गाडी जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्स घेता येत नाही. आधी सोडायची, मग ते धूड मागे घेऊन जागेवर लावायचं. आरशात मला अर्धं जग दिसत नाही. सांगणारा कोण आहे मला?"

"खरं सांगतेस की समजूत काढतेस?"

"दोन्ही," मेरी म्हणाली.

तो हसला. करक अर्धाच ठेवून त्याने गाडी मागे वळवायला लावली.

नुसता सरकता दांडा घेऊन भागलं नाही. लहान गाडीच्या पुढे लोखंडी पट्टी बसवली, दोन साखळ्या घेतल्या, मागचे दिवे मोटरहोमच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून केबल घेतली, ओढल्या जाणाऱ्या गाडीचा ब्रेक आपोआप दाबणारं यंत्रही घेतलं. साखळ्या ऑस्वल्डने निवडल्या. कडी न् कडी बोटांतून फिरवून, एक परत करून दुसरी मागून.

मग सुट्टीच्या सकाळी कंपाउंडमागच्या रिकाम्या मैदानात सराव सुरू झाला. क्रेनच्या निम्म्या खुणांना दोन हात लागतात, म्हणून ऑस्वल्डने एका हाताच्या नव्या खुणा बनवल्या. मूठ वळली की थांब. अंगठा खांद्यावरून मागे, की मागे ये. मेरी चुकायची, तो ओरडायचा, "मूठ म्हणजे मूठ, मेरी! नंतर विचार कर, आधी थांब!" कामावरचा तो जुना आवाज ऐकून मेरीला एवढं बरं वाटायचं की ती कधी कधी मुद्दाम चुकायची.

पहिल्या खेपेला उत्तरेच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ऑस्वल्ड काठी टेकत मागे गेला आणि खटका दाबला. खटका हलेना. पुन्हा दाबला. मेरी धावत आली, तिने दोन्ही हात लावले, तरी नाही.

"दांड्याला ओढ बसलीय," तो म्हणाला. जागा उताराची होती. लहान गाडी मागे लोंबल्यासारखी झाली होती आणि तिच्या ताणाने दांडा घट्ट धरला होता. "तू लहान गाडीत बस. चालू कर आणि मी सांगेन तशी इंचभर पुढे घे. घाई नको."

मेरी आत बसली. काचेतून तिला त्याचा एक हात दिसत होता. बोटं जरा जरा हलली, तशी तिने क्लच जरा जरा सोडला. मूठ वळली. ती जागच्या जागी थांबली. खाली वाकून त्याने उजव्या हाताने खटका दाबला, आणि खट् असा आवाज आला.

"खलास!" ऑस्वल्ड ओरडला. "सुटली!"

एकट्या माणसासाठी बनवलेला तो दांडा दोघांनी मिळून सोडला होता. मेरी हसत उतरली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती गाडीची काच पुसत बसली.

मोटरहोम जागेवर लागली, छत्री ताणली, तेवढ्यात शेजारच्या तळावरून एक वयस्क कतारी गृहस्थ आले. त्यांचा मुलगा मोठी कॅराव्हॅन मागे घेता घेता वाळूत रुतायच्या बेतात होता. त्यांनी या दोघांचं मघाचं काम पाहिलं होतं. त्यांनी ऑस्वल्डकडे बघून हात जोडल्यासारखं केलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "भाई, थोडा दिखाएगा?"

ऑस्वल्डने मेरीकडे पाहिलं.

"जा ना," ती म्हणाली. "स्वेटर घालून जा."

तो काठी टेकत वाळूतून गेला. कॅराव्हॅनमागे जरा लांब, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी, पाय रोवून उभा राहिला. काठी त्याने काखेत धरली आणि उजवा हात वर केला. गाडी हळूहळू मागे यायला लागली.

मेरी पायरीवर थोडा वेळ बघत उभी राहिली. मग आत जाऊन तिने शेगडी पेटवली आणि जेवणासाठी कांदा चिरायला घेतला.