मरळीच्या तोंडाचं माप

तापीचा पूर एक वेळ मागे वळेल, पण एखादी गोष्ट मनावर घेतलेले आमचे शेजारी शिंपीआप्पा वळणार नाहीत. शहाद्याजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो, साहेबाचं राज्य होतं, आणि गावातल्या प्रत्येक वस्तूचं माप आप्पांच्या नजरेत होतं. मयताला गेले तरी तिरडी दोन बोटं आखूड झाल्याचं ते हळूच सांगत. लग्नघरी लाडू वळणाऱ्या बायकांना बजावत, "तोंड दखीसन लाडू वळा!"

एका वर्षी गावानं नदीतली माशांची पिल्लं आणून तळ्यात सोडली आणि राखणीला एक म्हातारा भिल्ल ठेवला. दोन महिन्यांत पिल्लं निम्मी झाली, उरली ती जाडजूडच. पाटलांनी म्हाताऱ्यालाच चोर ठरवलं. तो बिचारा मान खाली घालून उभा. तेवढ्यात आप्पा गळ्यातल्या टेपासकट पुढे झाले. "पाटील, ह्या मानूसनी चोरी करी नही. चोर पानीमा शे. मासा खानारी मरळ!"

"आप्पा, तुम्ही सदरा शिवा," पाटील म्हणाले. "मरळ खाती तर समदीच खाती. जाडी पिल्लं कशी ऱ्हायनी?"

झालं! आप्पांनी मशीन झाकलं. शेजारच्या रंगाऱ्याच्या पडीक कुंडात पाणी भरलं, म्हाताऱ्याकडून एक मरळ धरून आणवली आणि टेप घेऊन तिच्या जबड्याचं माप काढलं. अंगठा रक्तबंबाळ झाला, पण माप मिळालं. मग त्यांनी कुंडात सारख्याच लांबीचे मासे सोडले: चार सडपातळ, चार रुंद पोटाचे आणि एक काटेरी शिंगटी. आठ दिवस आप्पा कुंडावरून हलले नाहीत. त्यापायी एका नवरदेवाला मामाच्या कोटात बोहल्यावर चढावं लागलं. हार घालताना त्याचे हातच कुणाला दिसेनात.

नवव्या दिवशी पाटील आले. सडपातळ चारही गायब होते. शिंगटी मरळीनं एकदा तोंडात घेऊन थुंकली होती. रुंद पोटाचे चौघे तिच्या नाकासमोरून खुशाल फिरत होते. "मास्तर, ती लांबी दखत नही, घेर दखस," आप्पा मला म्हणाले, पण बघत होते पाटलांकडे. पाटील बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हाताऱ्याला म्हणाले, "उद्यापासून ये राखणीला." पुढच्या वर्षी गावानं थोराड पिल्लंच सोडली, आणि ती टिकली.

नंतर माझी बदली नवापूरला झाली. काही वर्षांनी परत गेलो, तेव्हा आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तळ्याच्या काठावर ते त्या म्हाताऱ्याच्या खांद्याला टेकून बसले होते.

"मरळ वर उनी का?" आप्पांनी विचारलं.

"उनी. एक मासोळीना मांगे शे."

"केवढी?"

म्हाताऱ्यानं आप्पांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या करंगळीच्या दुसऱ्या पेराभोवती दोन बोटांचं वेटोळं करून घेर दाखवला. आप्पांनी समाधानानं मान हलवली.

"मंग खाईच ती."