छातीतली स्प्रिंग आणि महालक्ष्मीची पावलं

देवाला वाकून नमस्कार करायची मला भीती वाटत होती. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा रडू यायचं. भीती देवाची नव्हती, वाकण्याची होती. चैत्रात गच्चीवर कुरडया घालताना माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. पित्त असेल म्हणून मी ओव्याचा फक्का मारला आणि पुन्हा सोऱ्या हातात घेतला. पुढचं तुटक तुटक आठवतं. मानवतहून परभणीकडे धावणारी गाडी, घामानं चिंब झालेलं लुगडं आणि माझे तळपाय चोळत देवाचं नाव घेणारे आमचे हे. एरवी हे देवाचं नाव फक्त वीज गेल्यावर घेतात, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला तिथेच कळलं. हृदयाचा झटका होता. दवाखान्यात नसेत जाळी बसवली आणि मी वाचले.

आमच्याकडे या जाळीला जाळी कुणी म्हणत नाही. स्प्रिंग म्हणतात. ‘अमक्याला स्प्रिंग बसवली’ म्हटलं की समोरचा लगेच छातीवर हात ठेवतो. सगळा घोटाळा या एका शब्दानं केला. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि जो तो जाताना एक सूचना ठेवून जाऊ लागला. शेजारच्या रुक्मिणबाई तर पाणी प्यायच्या आधीच म्हणाल्या, “काकू, वाकत नका जाऊ बरं. आमच्या मावसभावाची स्प्रिंग मोटर उचलताना सरकली म्हणं. लय बेकार हाल झाले.” स्प्रिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पेनातली स्प्रिंग यायची. जरा दाबली की टुणकन उडते आणि मग सापडत नाही. त्या दिवसापासून मी वाकणं सोडलं.

न वाकता जगून बघा म्हणजे कळेल. चमचा पडला तर सुनेला हाक. चप्पल घालायची तर सुनेला हाक. न्हाणीघराची कडी कुणी लावू देईना, आणि खरं सांगायचं तर माझीही लावायची हिंमत नव्हती. आमचं देवघर जमिनीलगत आहे. त्याच्यापुढे मी उभ्यानंच हात जोडायची, रस्त्यात भेटलेल्या सोयऱ्याला रामराम घालावा तसे. फटकळ म्हणून गल्लीत जिचा दरारा होता, ती मी दिवसभर खुर्चीत बसून आपल्याच छातीवर पहारा देत होते. लोक म्हणायचे, देवानं वाचवलं. मला मनातून वाटायचं, वाचवलं खरं, पण कशासाठी?

भाद्रपद जवळ आला तसा माझा जीव जास्तच कासावीस झाला. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. सासूबाईंनी पितळी मुखवटे माझ्या ओटीत घातले, तेव्हापासून तुळशीपासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं मीच काढत आले. दोन महालक्ष्म्यांचे मुखवटे आम्ही दोघी जावा हातात घेऊन त्या पावलांवरून आत आणतो. पावलं काढायची म्हणजे तुळशीपासून आतपर्यंत ओणवंच सरकायचं. मला ते जमणार नव्हतं. शेवटी मी वालूरला धाकट्या जावेला फोन करून सांगितलं, यंदापासून महालक्ष्म्या तुमच्याकडे न्या. आमच्यात एकदा दुसऱ्या घरी दिलेल्या महालक्ष्म्या परत मागत नाहीत. ती हळूच म्हणाली, “अक्का, तुमी म्हणता म्हणून नेते. पण माझं मन व्हईना.” फोन ठेवला आणि मी पदराआड पोटभर रडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तपासणीसाठी परभणीला जायचं होतं. मुलगा गोळ्या आणायला गेला आणि मी बाकावर बसून राहिले. शेजारी बुरख्यातल्या एक बाई होत्या, माझ्याहून चार पावसाळे जास्तच पाहिलेल्या. चेहरा उघडा, हातात जपमाळ. दवाखान्याच्या बाकावर ओळख व्हायला काय लागतं! मी म्हटलं, मला स्प्रिंग बसवलीय. त्या हसल्या. “अगे माय, मेरे कू तो दो हैं.” जणू मुलंबाळंच सांगत होत्या.

तेवढ्यात माझ्या चष्म्याचं घर मांडीवरून घसरलं आणि बाकाखाली गेलं. मी नुसती बघत राहिले. मुलगा आला की उचलेल, असं मनाशी म्हणतेय तोच त्या बाई खाली वाकल्या, पार जमिनीला हात लावून.

“वाकू नका!” मी अशी ओरडले की अख्ख्या दवाखान्यानं माना वळवल्या.

त्यांनी घर उचलून माझ्या हातात दिलं आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मराठीत आल्या, बहुतेक मला नीट कळावं म्हणून. “कोन सांगितलं वाकू नको म्हनून? मी रोज नमाज पढते. झुकल्याबगर नमाज कशी व्हईल?” त्या सांगत गेल्या. सुरुवातीला त्याही भ्यायल्या होत्या, खुर्चीवर बसूनच नमाज पढायच्या. मन मात्र उपाशी राहायचं. मग एक दिवस त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारलं. घरी जाऊन कपाळ जमिनीला टेकवलं आणि तशाच कितीतरी वेळ रडत राहिल्या. “दिल त्याचंच हाय,” बोट वर करून त्या म्हणाल्या, “त्याच्याच पुढं ठेवायला कशाला भ्यायाचं? पन माझं ऐकून करू नक्को. आत जा अन् तुज्या तोंडानं विचार.”

तुझ्या तोंडानं! इतक्या महिन्यांत मी डॉक्टरांशी एक अक्षर बोलले नव्हते. मुलगा विचारायचा, मुलगाच ऐकायचा. मी म्हणजे रिपोर्टांबरोबर आणलेलं गाठोडं. त्या दिवशी आत गेल्यावर मुलानं तोंड उघडायच्या आधी मीच विचारलं, “डॉक्टरसाहेब, मी वाकले तर स्प्रिंग सरकंल का?”

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ती उडणारी स्प्रिंग नव्हेच, बारीक जाळी असते, नसेच्या आत घट्ट बसवलेली. वाकण्यानं ती सरकत नाही. रोज चाला, खाली बसा, उठा, हलकी कामं करा. जड उचलू नका, गोळ्या चुकवू नका. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर थांबा आणि लगेच या. मी पुढे आणखी विचारलं, शंका संपेपर्यंत विचारलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर पडताना तो म्हणाला, “आई, मलाबी तसंच वाटायचं गं. विचारायची भीती वाटायची.” मला भरून आलं. एका चुकीच्या समजुतीपायी अख्खं घर ताठ उभं होतं.

बाकावर त्या बाई नव्हत्या. व्हरांड्यात पाहिलं, औषधांच्या खिडकीपाशी पाहिलं. नाव विचारलं नव्हतं, कुणाला विचारणार? त्यांचा नंबर लागला असेल, तपासून झालं असेल, गेल्या असतील. यात चमत्कार काही नाही, मला ठाऊक आहे. पण दवाखान्यात इतके बाक असताना त्या माझ्याच शेजारी का बसल्या, याचं उत्तर मी शोधत नाही. काही गोष्टी ओटीत घ्यायच्या असतात.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी गल्लीत चालू लागले. आधी सुनेबरोबर, मग एकटी. रुक्मिणबाई दारातून ओरडायच्या, “काकू, कुठं चाललाव?” मी म्हणायची, “मावसभावाची स्प्रिंग शोधायला.” न्हाणीघराची कडीही लावू लागले. जावेला मात्र मी फोन केला नाही. पावलं खरंच काढता येतील की नाही, याची माझी मलाच खात्री नव्हती. ती आवाहनाच्या दिवशी सकाळी मुखवटे न्यायला येणार होती.

ती आली तेव्हा मी तुळशीपाशी जमिनीवर बसले होते. दोन पावलं काढून झाली होती, तिसऱ्याची बोटं उरली होती. टाच वाकडी आली होती. मुखवट्यांसाठी आणलेली पिशवी हातात घेऊन ती दारातच थबकली. “अक्का! हे काय करायलाव?” मी म्हटलं, “दिसत न्हाई का? पिशवी ठेव आत. महालक्ष्म्या कुठं जायच्या न्हाईत.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मी मध्येच थांबायची, दम खायची, पुन्हा पुढे सरकायची. दर वर्षी ज्याला काही वेळ लागत नव्हता, त्याला त्या दिवशी अर्धी सकाळ गेली. कुणी घाई केली नाही.

मुखवटे घेऊन आम्ही उंबऱ्याशी आलो, तेव्हा सुनेनं रीतीप्रमाणे आतून विचारलं, “महालक्ष्मी कशाच्या पावलानं आली?” म्हणायचं असतं, सोन्याच्या पावलानं. माझ्या तोंडून निघून गेलं, “दमानं आली गं, पण आली.” सगळे हसले, हेसुद्धा.

दोघी महालक्ष्म्या बसल्या, आरती झाली आणि मी खाली वाकले. कपाळ फरशीला टेकलं तेव्हा कानात माझंच काळीज वाजताना ऐकू आलं. कित्येक महिने तो आवाज आला की मी अर्धमेली व्हायची. आज म्हटलं, आई, मला सांभाळ म्हणून खूप मागितलं, आता मागत नाही. हे तुझंच आहे, तुझ्यापुढे ठेवलं. तू चालवशील तोवर मी त्याच्याकडून कामं करून घेईन. मग त्या अनोळखी बाईंसाठीही मागितलं, त्यांच्या दोन्ही स्प्रिंगा सुखरूप राहू देत म्हणून. मन इतकं हलकं झालं की तिथून उठावंसं वाटेना.

मला उठायला वेळ लागतोय असं पाहून सून धावत आली आणि तिनं माझ्या दंडाला धरलं. “आत्याबाई, उठवू का?”

“सोड,” मी म्हटलं. “माझी मी उठते.”