कुजबुजीचा पुरावा

आमच्या शेजारचे प्रॉम्प्टरकाका एकतीस वर्षं नाटकाच्या विंगेत एका स्टुलावर बसले. मांडीवर संहिता, शेजारी मिणमिणता दिवा. नट अडला की पुढचे दोन शब्द कुजबुजायचे. नटाला ऐकू यावेत, पहिल्या रांगेला नाही. काकू म्हणायच्या, "घरीही तेच. भांडायचं मी, आणि विसरलेले मुद्दे हे पुरवणार!"

साथीत नाट्यगृहाला दोन वर्षं कुलूप लागलं. मग सरकारने कलावंतांना मदत जाहीर केली. ती मिळाली तर पडदा उघडेपर्यंत तग धरता येणार होता. नाहीतर पहिल्या तारखेपासून जावयाने बघून ठेवलेली गोदामाची राखण. तिकडे गेलेला माणूस स्टुलावर परतत नाही, हे काका जाणून होते.

कचेरीतल्या बाई भल्या होत्या, पण अर्जाला कलावंत असल्याचा पुरावा हवा होता. "रंगमंचावरचा एखादा फोटो?"

"दिसलो असतो तर हाकललं असतं हो मला."

"मग आवाजाचं रेकॉर्डिंग?"

"ऐकू आलो असतो तरी तेच."

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, ती कॅसेट आहे ना!"

"तिचं नाव काढू नकोस."

फार पूर्वी एकदा निरोपाच्या प्रवेशात नायक अडला. काका एकदा कुजबुजले, दोनदा कुजबुजले. तिसऱ्यांदा घाबरून असे ओरडले की ऐन रडायच्या जागी सगळं नाट्यगृह हसलं. नेमकं त्याच दिवशी रेकॉर्डिंग! नायकाने आठ दिवस अबोला धरला, मग स्वतःच कॅसेट आणून दिली. "ठेव. तुझी एकुलती एक भूमिका." काकांनी ती ट्रंकेच्या तळाशी दडवली. तो नायक साथीतच गेला. शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

अखेर काका मुलीबरोबर कचेरीत गेले, मान खाली घालून. मुलीने आणलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर बाईंनी टेप लावली. नायकाचा आवाज आला आणि मध्येच थांबला. नुसती खरखर. काका नकळत पुढे झुकले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "दार उघडं..."

मग टेपमधले काका ओरडले. टेपमधले लोक हसले. कचेरीत कोणी हसलं नाही. हशा ओसरल्यावर नायक शांतपणे म्हणाला, "दार उघडं ठेवा. मी परत येईन."

बाईंनी डोळे पुसत अर्ज पुढे ओढला. "झालं, पुरावा मिळाला. कला कोणती लिहू?"

काका अडले.

"प्रॉम्प्टर," मुलगी मागून कुजबुजली. इतकं हळू, की बाईंना काहीच ऐकू गेलं नाही. काकांना ते मोठ्याने सांगावं लागलं.